नाव नसलेल्या व्हिटॅमिनच्या मागावर

न्यूट्रिशनल बायोकेमिस्ट्रीचा पेपर म्हटलं की डाएटेटिक्सच्या भल्याभल्या पोरापोरींच्या पोटात गोळा येतो. अ‍ॅडमिशन घेताना डोळ्यांसमोर असतं ते वेगळंच काहीतरी. डाएट चार्ट, क्लिनिक, पेशंटशी बोलणं, थोडं किचन, थोडं हॉस्पिटल. आणि हातात पडतं ते जाडजूड पुस्तक, त्यातली ती न संपणारी सायकल्स आणि व्हिटॅमिन्सचा तो प्रसिद्ध तक्ता. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात काम, तिसऱ्यात कमतरतेमुळे होणारा आजार, चौथ्यात रोजची गरज. आदल्या रात्री घोकायचा, सकाळी उतरवायचा, दुपारपर्यंत विसरायचा.

या तक्त्यात फोलेटची एक ओळ असते. फोलेट म्हणजे बी-९. कमी पडलं तर मेगॅलोब्लास्टिक अ‍ॅनिमिया. गरोदर स्त्रीची रोजची गरज ५७० मायक्रोग्रॅम. दोन मार्कांचा प्रश्न, विषय संपला. पण ही ओळ लिहिता येण्याआधी मुंबईतल्या कित्येक बायका ऐन गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या, आणि त्यांना नेमकं काय कमी पडतंय याचं उत्तर शोधायची सुरुवात आपल्या परळमध्ये झाली, हे त्या तक्त्यात नसतं. ती सुरुवात करणाऱ्या बाईचं नाव लूसी विल्स.

बॉटनीवाली मुलगी

लूसीचा जन्म १० मे १८८८ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. घर खाऊनपिऊन सुखी. कोयते, विळे अशी धारेची अवजारं बनवण्याचा घरचा धंदा. वडील स्वतः सायन्सचे पदवीधर, आईचे वडील डॉक्टर. भाऊ पुढे भूगर्भशास्त्रज्ञ झाला. अशा घरातल्या मुलीला विज्ञानाची गोडी लागली यात नवल नाही, पण ती गोडी पुरी करायला शाळा मिळणं हे त्या काळात नवलच होतं. लूसीला चेल्टनहॅम लेडीज कॉलेज मिळालं. मुलींना गणित आणि विज्ञान मनापासून शिकवणाऱ्या ब्रिटनमधल्या सुरुवातीच्या शाळांपैकी ही एक.

तिथून १९०७ साली ती केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात गेली. विषय बॉटनी आणि जिऑलॉजी. १९११ साली शेवटची परीक्षा पास झाली. पण डिग्री? ती नाही मिळाली. केंब्रिजमध्ये मुलींना लेक्चर्सना बसता येत होतं, पेपर देता येत होते, पास होता येत होतं, फक्त पदवी मिळत नव्हती. मुलांच्या बरोबरीने पूर्ण पदवी द्यायला केंब्रिजला १९४८ साल उजाडावं लागलं.

त्याच १९११ साली वडील गेले, अवघ्या ५२ व्या वर्षी. दोन वर्षांनी बहीण एडिथ गेली, तेव्हा ती २६ वर्षांची होती. पुढे काय करायचं याचा पत्ता नाही आणि घरात पाठोपाठ दोन मृत्यू. लूसी आईबरोबर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेली. तिथून आल्यावर धाकट्या भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला. तिथे न्यूनमची मैत्रीण मार्गारेट ह्यूम बॉटनी शिकवत होती. दोघींना त्या वेळी फ्रॉइडच्या मानसशास्त्राने झपाटलं होतं. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. लूसीने केपटाउनच्या एका हॉस्पिटलात काही आठवडे स्वयंसेवक म्हणून नर्सिंगचं काम केलं आणि ती इंग्लंडला परतली.

१९१५ च्या जानेवारीत तिने मेडिकलला अ‍ॅडमिशन घेतली. वय २६. डॉक्टर झाली १९२० साली, ३२ व्या वर्षी. आपल्याकडे बारावीनंतर एक वर्ष गेलं तरी घरात सुतक पाळल्यासारखं वातावरण असतं, म्हणून हे वय मुद्दाम सांगितलं.

कॉलेज होतं लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन. स्त्रियांना डॉक्टर करणारी ब्रिटनमधली ही पहिली संस्था, आणि हिचं मुंबईशी नातं जुनं. आपल्या डॉ. रखमाबाई इथेच शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या होत्या. पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या, बेने इस्राएल समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड याही इथल्याच. लूसीच्या वर्गाच्या आसपास भारतातून आलेल्या मुली वावरत होत्या.

डॉक्टर झाल्यावर लूसीने दवाखाना थाटला नाही. तिला पेशंटपेक्षा पेशंटच्या शरीरात काय घडतंय याचं कुतूहल जास्त. रॉयल फ्री हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात ती शिकवू लागली आणि गरोदरपणात शरीरातल्या रासायनिक क्रिया कशा बदलतात यावर काम करू लागली. थोडक्यात, आपण ज्याला आज न्यूट्रिशनल बायोकेमिस्ट्री म्हणतो त्या विषयात ती आपसूक पोचली होती.

१९२८ ची मुंबई

१९२८ हे साल गिरणगाव विसरणार नाही. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचे भोंगे जवळजवळ गप्प होते. सुमारे दीड लाख कामगार संपावर. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक चर्चेला आलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि पुढच्या वर्षी तो कायदा झाला. बाळंतपण हा घरातला खासगी मामला नाही, ही गोष्ट हळूहळू सार्वजनिक बोलण्यात येत होती.

तेव्हाच डॉ. मार्गारेट बाल्फर माता-मृत्यूंच्या कारणांचा शोध घेत होत्या. त्यांना रक्ताची आणि रसायनाची जाण असलेलं माणूस हवं होतं. त्यांनी लूसीला बोलावलं. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेच्या कामासाठी ४० वर्षांची लूसी मुंबईत दाखल झाली. मुक्काम परळचं हाफकिन इन्स्टिट्यूट.

प्रश्न असा होता. मुंबईतल्या अनेक गरीब बायकांना, त्यातही गिरणीत सूत गुंडाळण्यासारख्या खात्यांत राबणाऱ्यांना, गरोदरपणात भयंकर अ‍ॅनिमिया व्हायचा. धाप लागायची, अंगावर सूज यायची, जिने चढवेनात. बऱ्याच जणी बाळंतपणाच्या आधी किंवा लगेच नंतर जायच्या.

आता अ‍ॅनिमिया म्हटलं की आपण पटकन लोह म्हणतो. पण लोह कमी असेल तर लाल पेशी लहान आणि फिकट होतात. या बायकांचं रक्त मायक्रोस्कोपखाली धरलं तर उलटंच दिसायचं. पेशींची संख्या कमी, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी. जणू कारखान्यात माल निम्मा निघतोय आणि जो निघतोय तो बेढब.

मोठ्या पेशींचा एक आजार डॉक्टरांना माहीत होता. पर्निशियस अ‍ॅनिमिया. १९२६ पर्यंत या आजाराचं निदान म्हणजे मृत्यूचीच चाहूल. त्या वर्षी अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवून दिलं की पेशंटला रोज भरपूर लिव्हर खायला घातलं तर तो जगतो. याच कामासाठी त्यांना आणि व्हिपल यांना १९३४ चं नोबेल मिळालं. मग मुंबईच्या बायकांना तोच आजार होता का? रक्त तर सारखंच दिसत होतं. पण लूसीला काही गोष्टी जुळेनात. पर्निशियस अ‍ॅनिमियाच्या पेशंटच्या जठरात आम्ल तयार होत नाही, या बायकांच्या जठरात होत होतं. तो आजार बहुधा उतारवयात गाठतो, या बायका ऐन तारुण्यातल्या होत्या. मायक्रोस्कोप एक सांगत होता आणि समोरची बाई दुसरंच.

ताटात काय आहे?

लूसीने मग आधी घरं गाठायला सुरुवात केली. मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या आणि समाजांतल्या बायका काय खातात, कशा राहतात याची पाहणी झाली. या कामाचे निबंध इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आले. त्यात लूसीच्या बरोबरीने तळपदे आणि मेहता ही मुंबईची आडनावं लेखक म्हणून दिसतात. आज तुम्ही पहिल्या वर्षाला डाएट सर्व्हे करता ना, सोसायटीत दारं ठोठावून, फॉर्म भरून, तशाच जातीचं हे काम.

निष्कर्ष सरळ होता. चांगलंचुंगलं खाणाऱ्या घरांत हा आजार क्वचित. जितका आहार निकस तितका आजार जास्त. सगळ्यांत निकस आहार गरीब मुस्लिम बायकांचा होता आणि सगळ्यांत जास्त अ‍ॅनिमियाही त्यांच्यातच. म्हणजे रोगाचा धागा ताटापर्यंत जात होता. पण ताटातलं नेमकं काय कमी?

हे ठरवायला लूसीने मुंबईच्या गरीब बायकांच्या आहारासारखा आहार उंदरांना दिला. १९२९ च्या उन्हाळ्यात ती काम घेऊन निलगिरीतल्या कुन्नूरला गेली. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांची आहार संशोधनाची प्रयोगशाळा होती. त्या आहारावर गाभण उंदरिणींना अ‍ॅनिमिया झाला, काही पिल्लं व्हायच्या आधीच मेल्या. आहारात यीस्ट मिसळलं तर मात्र अ‍ॅनिमिया टळत होता.

इथे गोष्ट संपली असती तर ती फार सोपी झाली असती. पण उंदरांच्या अंगावर उवा निघाल्या. त्या उवांमधून पसरणाऱ्या जंतूंनीही उंदरांना अ‍ॅनिमिया होतो. मग जो अ‍ॅनिमिया दिसला तो आहाराचा की उवांचा? इतक्या महिन्यांच्या कामावर प्रश्नचिन्ह. ज्यांचं प्रॅक्टिकल ऐन सबमिशनच्या आठवड्यात बिघडलंय त्यांना हे दुःख कळेल. लूसीने प्रयोग सोडला नाही, प्राणी बदलला. पुढे तिने हेच काम माकडांवर करून पाहिलं आणि तिथेही तोच धागा हाती लागला.

एक चमचा काळा लगदा

दरम्यान समोर खऱ्याखुऱ्या पेशंट होत्या आणि त्यांना थांबायला वेळ नव्हता. यीस्टचा उपयोग होतोय असं दिसल्यावर लूसीने एक स्वस्त गोष्ट निवडली. मार्माइट. ब्रिटनमध्ये बिअर गाळल्यावर खाली राहणाऱ्या यीस्टपासून केलेला काळसर, खारट, चिकट लगदा. १९०२ पासून बाजारात होता, लोक पावाला लावून खायचे. आवडणाऱ्यांना फार आवडतो, नावडणाऱ्यांना वासही नको होतो.

मुंबईत, आणि १९३१ च्या सुरुवातीला मद्रासच्या कास्ट अँड गोशा हॉस्पिटलात, गंभीर अ‍ॅनिमिया झालेल्या गरोदर बायकांना हे मार्माइट दिलं गेलं. परिणाम काही दिवसांत दिसू लागला. आधी रक्तात कोवळ्या लाल पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट्स, एकदम वाढायच्या. अस्थिमज्जेचा बंद पडत आलेला कारखाना सुरू झाल्याची ती खूण. मग हिमोग्लोबिन चढायचं. चेहऱ्यावर रंग यायचा, भूक लागायची. १९३१ च्या जूनमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लूसीचा निबंध आला आणि जगभरच्या डॉक्टरांना कळलं की अशा अ‍ॅनिमियावर साधा यीस्टचा अर्क काम करतो.

आता यातली खरी गंमत बघा. मार्माइटमध्ये नेमका कुठला पदार्थ काम करतोय हे लूसीला माहीत नव्हतं. बायका बऱ्या होत होत्या, एवढ्यावर ती थांबू शकली असती. किंवा यीस्टमध्ये बी गटाची व्हिटॅमिन्स असतात हे ठाऊक होतंच, तेव्हा त्यातल्याच एखाद्याचं नाव ठोकून मोकळी होऊ शकली असती. दोन्ही केलं नाही. १९३३ साली ती रॉयल फ्रीला कायमची परतली तरी हा प्रश्न बरोबर घेऊन गेली.

त्या काळात लिव्हरचा अर्क अधिकाधिक शुद्ध करायची धडपड चालू होती. लूसी आणि तिच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क दिला तर या पेशंट बऱ्या होतात. पण पर्निशियस अ‍ॅनिमियावर अगदी हमखास चालणारा शुद्ध अर्क दिला तर काहीच होत नाही. याचा अर्थ एकच निघत होता. लिव्हरमध्ये दोन वेगवेगळे पदार्थ आहेत. शुद्ध करताना एक टिकतो, दुसरा निघून जातो. मुंबईच्या बायकांना कमी पडत होता तो दुसरा. १९३७-३८ च्या निबंधांत हे ठामपणे मांडलं गेलं. त्या अनामिक पदार्थाला लोक विल्स फॅक्टर म्हणू लागले.

याच कामासाठी १९३७ च्या शेवटी ती पुन्हा दहा आठवडे हाफकिनला आली. या वेळी पहिल्यांदाच विमानाने, पाण्यावर उतरणाऱ्या फ्लाइंग बोटने. साउदॅम्प्टन ते कराची पाच दिवस, तिथून पुढे समुद्रमार्गे मुंबई. पन्नाशीला टेकलेल्या बाईचा हा उत्साह.

पालकातून निघालेलं नाव

१९४१ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स या संशोधकांनी चार टन पालकावर प्रक्रिया करून त्यातून एक पदार्थ वेगळा काढला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून नाव ठेवलं फोलिक अ‍ॅसिड. १९४५ साली अमेरिकेतल्याच लेडरले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रमधल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. हे शुद्ध फोलिक अ‍ॅसिड पेशंटना दिलं तेव्हा मोठ्या पेशींचा अ‍ॅनिमिया बरा झाला. विल्स फॅक्टरला नाव मिळालं. आणि १९४८ साली लिव्हरमधला तो पहिला पदार्थही हाती आला. तो म्हणजे बी-१२.

आता पुस्तक उघडा आणि लूसीला जे दिसलं होतं ते बायोकेमिस्ट्रीच्या भाषेत वाचा. सगळं धडाधड जुळत जातं.

फोलेट म्हणजे एक छोटी रिक्षा समजा. पॅसेंजर एकच, एका कार्बनचा तुकडा. तो इथून उचलायचा, तिथे सोडायचा. यातली एक महत्त्वाची फेरी डीएनएसाठी असते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी टी हे अक्षर तयार करायला असा तुकडा लागतो. फोलेट नसेल तर टी कमी पडतो, डीएनएची कॉपी पूर्ण होत नाही, पेशीचं विभाजन अडतं. पण पेशीची बाकीची वाढ चालूच असते. परिणाम काय? पेशी फुगत जाते, दोन होत नाहीत. म्हणून संख्या कमी आणि आकार मोठा. आपली अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे वीस लाख लाल पेशी तयार करते. फोलेटचा तुटवडा सगळ्यांत आधी तिथे जाणवणार हे उघड आहे. आणि गरोदरपणात तर पोटातलं बाळ हीच विभागत जाणाऱ्या पेशींची भली मोठी जत्रा. म्हणून मुंबईच्या बायका नेमक्या तेव्हाच कोसळत होत्या.

मग बी-१२ चा संबंध काय? रिक्षात मिथाइल नावाचा पॅसेंजर बसला की त्याला उतरवायला बी-१२ लागतं. बी-१२ नसेल तर रिक्षा भरलेलीच उभी राहते, दुसरी फेरी मारता येत नाही. फोलेट असूनही नसल्यासारखं. म्हणून दोन्ही आजारांत मायक्रोस्कोपखालचं चित्र सारखंच. आणि यीस्टमध्ये फोलेट भरपूर असतं, बी-१२ मुळात नसतंच. त्या बायका निव्वळ यीस्टच्या अर्काने बऱ्या झाल्या, यातच त्यांना कमी काय होतं याचं उत्तर होतं.

हे नुसतं जुळवून बघण्यासाठी नाही. बी-१२ ची कमतरता असलेल्या पेशंटला फक्त फोलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट चांगला येतो, सगळे खूश होतात. पण बी-१२ चं मज्जातंतूंमधलं काम अडलेलंच राहतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, आणि उशीर झाला तर कायमचं नुकसान. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अजिबात दुर्मीळ नाही. तेव्हा सारख्याच दिसणाऱ्या दोन अ‍ॅनिमियांतला फरक ओळखणं हा उद्या तुमच्यासमोर बसलेल्या माणसाच्या चालण्या-फिरण्याचा प्रश्न असू शकतो. मेथी-पालक, मूग, हरभरा, चवळी खा म्हणून सांगणं सोपं आहे. फोलेट उष्णतेने नष्ट होतं आणि पाण्यात उतरतं, त्यामुळे भाजी फार वेळ उकळून पाणी फेकू नका, हे सांगायला मात्र थोडी बायोकेमिस्ट्री यावी लागते.

उरलेली वर्षं

दुसऱ्या महायुद्धात लूसी लंडनमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करत राहिली. १९४४ च्या जुलैमध्ये रॉयल फ्रीवर थेट बॉम्बहल्ला झाला तेव्हा विभागाचं काम काही दिवस विस्कळीत झालं, मग पुन्हा सुरू. युद्ध संपेपर्यंत ती तिथल्या पॅथॉलॉजीची प्रमुख झाली होती आणि हॉस्पिटलचा पहिला रक्तविज्ञान विभाग तिनेच उभा केला होता. १९४७ साली निवृत्त झाली, पण घरी बसली नाही. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असं फिरत तिथल्या लोकांचा आहार आणि अ‍ॅनिमिया अभ्यासत राहिली. आयुष्याच्या शेवटच्या दशकात लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाची नगरसेविकाही झाली. लग्न केलं नाही. १६ एप्रिल १९६४ ला ती गेली.

तिच्यानंतरही फोलेटची गोष्ट वाढत राहिली. फोलेटच्या कामात अडथळा आणणारी औषधं १९४८ पासून ल्युकेमिया झालेल्या मुलांवर वापरली जाऊ लागली. पेशींना विभागायला फोलेट लागतं, मग कॅन्सरच्या पेशींचं फोलेटच अडवलं तर? असा तो उलटा विचार होता, आणि त्यातूनच आजचं मेथोट्रेक्सेट आलं. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की आधीच्या बाळात मणक्याचा दोष असलेल्या बायकांनी दिवस जाण्याआधीपासून फोलिक अ‍ॅसिड घेतलं, तर पुढच्या बाळात तो दोष येण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. आज आपल्या सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांना लोहाबरोबर फोलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते. शाळेत दर आठवड्याला दिली जाणारी ती निळी गोळी आठवते? बऱ्याच जणांनी बाकाखाली टाकली असेल. तिच्यातही ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं.

एवढं सगळं होऊनही विल्स फॅक्टर हे नाव पुस्तकांतून निघून गेलं. फोलिक अ‍ॅसिड हे नाव आलं आणि जुन्या नावाची गरज उरली नाही. लूसी पुन्हा बऱ्याच जणांना कळली ती १० मे २०१९ ला, तिच्या १३१ व्या वाढदिवशी, गुगलच्या डूडलमुळे.

पण तिच्या कामाची खूण तुमच्या दप्तरात आहे. रोजच्या गरजेचे आकडे तुम्ही ज्या पुस्तिकेतून घेता तिच्यावर आयसीएमआर आणि एनआयएन अशी दोन नावं असतात. लूसीला मुंबईत काम देणारी इंडियन रिसर्च फंड असोसिएशन १९४९ साली आयसीएमआर झाली. कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली आणि १९६९ पासून नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ न्यूट्रिशन, म्हणजे एनआयएन, म्हणून ओळखली जाऊ लागली.

आणि काम अजून संपलेलं नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आहे. कुणाला लोह कमी, कुणाला फोलेट, कुणाला बी-१२, कुणाला तिन्ही. इंटर्नशिपला ओपीडीत बसाल तेव्हा यातलीच कुणीतरी समोरच्या खुर्चीत असेल. हिमोग्लोबिनचा आकडा तिच्या केसपेपरवर आधीच लिहिलेला असतो. घरात सगळ्यांचं जेवून झाल्यावर तिच्या ताटात काय उरतं, हे मात्र कुणीतरी विचारल्याशिवाय कळत नाही. ते विचारायचं, आणि उत्तर ऐकल्यावर शरीरात काय चाललंय याचा अंदाज बांधायचा, यासाठीच तो पेपर आहे.